साठ टक्के कशाचे?

वाचकांचे प्रश्न, जनुकशास्त्राची उत्तरे

मागच्या अंकात मी लिहिले होते की माणसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, एकटा वाचून फारसे हाती लागत नाही. तो उंदीर, मासा, चिलट, यीस्ट यांच्या जीनोमशेजारी ठेवला, तर कोणता मजकूर कोट्यवधी वर्षे जवळजवळ जसाच्या तसा राहिला ते दिसते, आणि फार महत्त्वाची जनुके बहुधा तिथेच सापडतात. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देते. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

बाई, आमची तीन पिढ्यांची केळीची बाग आहे. मुलगा मोबाइलवर दाखवतो की माणसाचा डीएनए केळीशी साठ टक्के जुळतो. यात काही तथ्य आहे का? (एक बागायतदार, रावेर)

आकड्याला आधार आहे, वाक्य मात्र चुकीचे आहे. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाची प्रथिने केळीच्या प्रथिनांशी ताडून पाहिली, तेव्हा आपल्या सुमारे साठ टक्के जनुकांना केळीत ओळखू येईल असा जोडीदार सापडला. त्या जोड्यांमधली प्रथिनेसुद्धा सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपासच जुळतात. शिवाय आपल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या डीएनएत प्रथिने बनवणारा भाग जेमतेम दीड टक्का. उरलेला डीएनए केळीच्या डीएनएशेजारी मांडून अक्षराला अक्षर जुळवताच येत नाही, इतका तो वेगळा आहे. तेव्हा ‘साठ टक्के डीएनए सारखा’ असे म्हणायला जागा नाही.

केळीचा जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ५२ कोटी अक्षरे आणि ३६,५०० च्या आसपास जनुके, म्हणजे जनुकांच्या संख्येत केळी आपल्या पुढे. वाचला गेला तो पहांग नावाच्या रानकेळीचा जनुकसंच. तुमच्या बागेतली जी-नाइन केळी त्याच जातीतली. तिच्या पेशीत या संचाच्या तीन प्रती असतात, म्हणून तिच्यात बी धरत नाही.

टक्क्यांपेक्षा ती सामाईक जनुके कोणती, हे मला जास्त मोलाचे वाटते. केळी आणि तुम्ही दोघेही साखर जाळून ऊर्जा मिळवता, डीएनएची नक्कल करता, तो गुंडाळून पेशीच्या केंद्रकात ठेवता. या कामांची जनुके दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून आली आहेत आणि तो पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रथिनांपैकी एक म्हणजे हिस्टोन एच-४. त्यात १०२ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्या सुट्या मण्यांची बनतात त्यांची, साखळी असते. वाटाण्यातली आणि वासरातली ही साखळी १९६९ च्या सुमारास ताडून पाहिली गेली. फरक निघाला फक्त दोन जागी, आणि त्या दोन्ही जागी बदली आलेले अमिनो आम्ल मूळच्या आम्लाशी गुणधर्माने अगदी जवळचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हिस्टोनच्या जनुकात बदल होतच नाहीत असे नाही. प्रत्येक नव्या बाळात आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर बदल कुठे ना कुठे असतातच, आणि ते जागा निवडून होत नाहीत. हिस्टोनमध्येही ते होत आले. ज्यांच्यात त्यांमुळे प्रथिन बिघडले ते जीव जगले नाहीत किंवा त्यांचा वंश पुढे चालला नाही. जनुक ‘जपले गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे असे असंख्य खुंटलेले वंश असतात. दोन प्राण्यांतली सारखी अक्षरे पाहताना मला नेहमी तेच आठवतात.

माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात जन्मतःच रंगीत पडदा नाही. डॉक्टरांनी ॲनिरिडिया सांगितले, तपासणीत पॅक्स-६ या जनुकात दोष निघाला. नेटवर वाचले की हेच जनुक माशीत असते आणि माशीच्या पायावर डोळे उगवले. वाचून फार घाबरले. माझ्या मुलाशी याचा काय संबंध? (एक आई, इचलकरंजी)

ताई, त्या माशीच्या प्रयोगात तुमच्या बाळासाठी भिण्यासारखे काही नाही. त्या प्रयोगानेच हे जनुक काय करते ते कळले.

ती माशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे बारीक चिलट, ड्रॉसोफिला. १९१५ मध्ये मिल्ड्रेड होग यांनी या चिलटांचा एक वाण नोंदवला, ज्यात डोळे अगदी लहान किंवा नसलेलेच. त्या जनुकाला नाव पडले ‘आयलेस’. मी कोल्हापूरला जनुकशास्त्र शिकवत असताना रवा, गूळ आणि अगर शिजवून या चिलटांच्या बाटल्या भरायचो, आणि बी.एस्सी.ची मुले भिंगाखाली डोळे शोधायची. जनुक म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकातून उमगायचे नाही, त्यांना तिथे उमगायचे.

या वाणाची नोंद होऊन पाऊणशे वर्षे उलटली तरी ते जनुक माणसाशी जोडले गेले नव्हते. १९९१ मध्ये माणसातल्या ॲनिरिडियाचे जनुक सापडले आणि लहान डोळ्यांच्या उंदरांतही तेच बिघडलेले असते हे कळले. मग १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने ‘आयलेस’चा अक्षरक्रम वाचला, तर तो पॅक्स-६च निघाला. डीएनएला जाऊन चिकटणारा प्रथिनाचा जो मुख्य भाग आहे, तो माणसात आणि चिलटात ९४ टक्के सारखा. माणूस आणि चिलट यांचे वंश वेगळे झाले त्याला ५५ कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यांचे डोळे तर बांधणीने पूर्ण वेगळे: आपला एका भिंगाचा, त्यांचा शेकडो बारीक नेत्रिकांचा.

पायावरच्या डोळ्यांची गोष्ट १९९५ ची. त्याच प्रयोगशाळेने अळीच्या अवस्थेत, जिथे पुढे पाय, पंख, मिशा होणार त्या पेशींत हे जनुक मुद्दाम सुरू केले. तिथे डोळे उगवले. नंतर उंदराचे पॅक्स-६ चिलटात घातले, तरी डोळे उगवले. आणि ते चिलटाचेच डोळे होते, उंदराचे नव्हेत. म्हणजे हे जनुक ‘इथे डोळा करा’ एवढी आज्ञा देते. डोळा कसा करायचा हे त्या त्या प्राण्याची बाकीची जनुके ठरवतात.

तुमच्या मुलात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. दुसरी चांगली आहे, म्हणून डोळा तयार झाला, पण आज्ञा अर्ध्या जोराने मिळाल्यामुळे पडदा पूर्ण झाला नाही. उंदरातही साधारण असेच होते. माणसाचे आणि उंदराचे हे ४२२ अमिनो आम्लांचे प्रथिन एकसारखे आहे, एकाही जागी फरक नाही. म्हणून उपचारांचे पुष्कळसे प्रयोग त्या उंदरांवर चालतात.

आता एक विचारायची गोष्ट, आणि ती कृपा करून लवकर विचारा. पॅक्स-६ च्या शेजारीच, त्याच अकराव्या गुणसूत्रावर, डब्ल्यूटी-१ नावाचे जनुक असते. काही मुलांत पॅक्स-६ सोबत तेही गळालेले असते आणि त्यांना मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका असतो. त्यांची सोनोग्राफी ठराविक काळाने करावी लागते. तुमच्या अहवालात बदल फक्त पॅक्स-६ च्या आत आहे की शेजारचा भागही गेला आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फक्त आत असेल तर ही चिंता गेली. काचबिंदू आणि पारपटलाची (कॉर्नियाची) तपासणी मात्र दोन्ही बाबतींत नियमित हवी. मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असेल, हेही माहीत असू द्या. आणि शाळेत त्याला पुढच्या बाकावर, खिडकीतला प्रखर उजेड डोळ्यांवर येणार नाही असे बसवायला सांगा.

कागदावर अक्षरे जुळली म्हणजे दोन्हीकडे काम तेच, असे कसे धरायचे? दोन यंत्रांत एकसारखा बोल्ट असला तरी त्याचा उपयोग वेगळा असू शकतो. (एक निवृत्त अभियंते, नाशिक)

शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर सुटा भाग काढून दुसऱ्यात बसवण्यानेच मिळते, आणि तसे केले गेले आहे.

पॉल नर्स यांनी पोम्बे नावाच्या यीस्टमध्ये सीडीसी-२ हे जनुक अभ्यासले होते. पेशीचे विभाजन केव्हा व्हावे हे त्यावर ठरते. ते बिघडले की पेशी विभागत नाही. १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी अशा बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांचे तुकडे सोडले. कोणता तुकडा कामाचा हे आधी माहीत नव्हते. जी पेशी पुन्हा विभागू लागेल तिच्यात योग्य तुकडा गेला, असा हिशेब. एक तुकडा सापडला. त्याचा अक्षरक्रम वाचला तेव्हा तो सीडीसी-२ चा मानवी जोडीदार निघाला. माणसाचे जनुक यीस्टला जगवत होते! २००१ च्या नोबेलमध्ये हार्टवेल आणि हंट यांच्यासोबत नर्स होते, त्यामागे हे काम आहे. स्तनाच्या काही कर्करोगांवर आज दिले जाणारे पाल्बोसिक्लिब हे औषध याच कुळातल्या प्रथिनांना अडवते.

पुढे २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठात एडवर्ड मार्कॉट यांच्या गटाने पावाच्या यीस्टची ४१४ अत्यावश्यक जनुके घेतली आणि एकेक काढून तिथे माणसाचे जनुक बसवले. जवळजवळ निम्म्या ठिकाणी यीस्ट जगले. तुम्हाला आवडेल असा भाग पुढे आहे. कोणते जनुक चालेल हे अक्षरे किती जुळतात यापेक्षा ते कोणत्या यंत्रणेतले आहे यावर जास्त ठरत होते. नको झालेली प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेतली बहुतेक जनुके चालली; डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या यंत्रणेतली जवळजवळ कुठलीच नाही. तेव्हा तुमची बोल्टची शंका निम्म्या वेळा खरी ठरते असे म्हणता येईल.

आमच्या शेळ्या बाभळीचा पाला खाऊन राहतात. त्यांना आवळा-लिंबू लागत नाही, मग आपल्यालाच क जीवनसत्त्व का खावे लागते? (इयत्ता नववी, सांगोला)

शेळी ते यकृतात स्वतः बनवते. बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याचे जनुक आपल्यातही आहे, पण त्याचे तुकडे गळालेले आहेत आणि ते चालत नाही. माकडांत आणि वानरांतही असेच. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या सामाईक पूर्वजात ते बिघडले. फळे-पाला खाणाऱ्या त्या प्राण्याचे काही अडले नसावे, म्हणून बिघाड टिकून राहिला. गिनिपिगमध्येही हेच जनुक मोडलेले आहे, पण मोडतोड वेगळी आहे, म्हणजे ते स्वतंत्रपणे मोडले. छान प्रश्न विचारलास.

जीनोमच्या तुलनेचा आमच्या ज्वारीला काय उपयोग? (कृषी पदवीधर, मंगळवेढा)

मालदांडीचे कणीस काढणीपर्यंत दाणे धरून ठेवते, तिथूनच सुरुवात करू. रानज्वारीचे दाणे पिकले की झडतात, कारण दाण्याच्या देठाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि तिथून दाणा सुटतो. रानात ते चांगले, बी पसरते. शेतकऱ्याचे मात्र पीक मातीत जाते.

भाताचा जीनोम २००५ मध्ये पूर्ण झाला. त्या आंतरराष्ट्रीय कामात अकराव्या गुणसूत्रावर भारतीय प्रयोगशाळांनीही काम केले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्वारीचा जीनोम २००९ मध्ये आला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. दोन्ही वंश वेगळे होऊन पाच कोटी वर्षे झाली असतील, तरी मोठमोठ्या पट्ट्यांत जनुके एकामागे एक त्याच क्रमाने येतात. भाताच्या गुणसूत्रावर तुम्ही कुठे आहात हे कळले, तर ज्वारीच्या गुणसूत्रावर कुठे शोधायचे ते कळते.

२०१२ मध्ये ज्वारीतले दाणे झडण्याचे जनुक सापडले. त्याचे नाव ‘शॅटरिंग-१’. लागवडीच्या ज्वारीत ते तीन वेगवेगळ्या प्रकारांनी मोडलेले आढळले. तीन वेगळे मोड याचा अर्थ, न झडणारे कणीस एकाच जागी एकदाच हाती लागलेले नाही. निरनिराळ्या लोकांनी ते निरनिराळ्या वेळी हेरले आणि बियाण्याला ठेवले. मग तेच जनुक भातात आणि मक्यात तपासले, तर तिथेही लागवडीच्या वाणांत त्याच्यात बदल. मक्याचा जीनोम मागे कधीतरी दुप्पट झालेला असल्यामुळे त्याच्यात याचे दोन जोडीदार आहेत. तीन धान्ये, निरनिराळ्या खंडांवरचे शेतकरी, आणि सगळ्यांची निवड नकळत एकाच जनुकावर येऊन थांबली. मला हा शोध फार प्रिय आहे, कारण त्यात प्रयोगशाळेइतकेच शेतात वाकून कणसे निवडणाऱ्या माणसांचेही श्रेय आहे.

उपयोग असा: एका तृणधान्यात एखादे जनुक कळले की बाकीच्यांत ते शोधायला पुन्हा वीस वर्षे लागत नाहीत. नाचणी, वरई, राळा यांच्या बाबतीत तर मला हाच सर्वांत जवळचा रस्ता दिसतो, कारण त्यांच्यावर पूर्वी फार थोडा पैसा खर्च झाला आहे.

जे टिकले ते महत्त्वाचे, म्हणजे बाकीचा डीएनए कचरा का? (वाचक, ठाणे)

नाही, आणि उलट बाजूही सरळ नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या संशोधकांना माणूस, उंदीर आणि घूस-कुळातला रॅट या तिघांत २०० अक्षरांहून लांब असे ४८१ तुकडे सापडले, ज्यांत एकाही अक्षराचा फरक नाही. त्यातले बरेचसे प्रथिने बनवतच नाहीत. इतके जपलेले तुकडे काढले तर प्राणी मरेलच, असे सगळ्यांना वाटत होते. २००७ मध्ये उंदरांतून असे चार तुकडे एकेक करून काढले, तर उंदीर जगले आणि त्यांना पिल्लेही झाली. क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीच्या गटाने असे तुकडे काढलेल्या काही उंदरांचे मेंदू बारकाईने तपासले, तेव्हा त्यांच्या रचनेत दोष दिसले. पिंजऱ्यात आयते खाणे मिळणाऱ्या उंदराला जे निभावते, ते रानात पिढ्यान्‌पिढ्या निभावेलच असे नाही.

२०२३ मध्ये २४० सस्तन प्राण्यांचे जीनोम एकत्र ताडले गेले. माणसाच्या जीनोमपैकी किमान १०.७ टक्के भागावर बदलाला लगाम दिसतो. प्रथिनांचा दीड टक्का वजा केला, तरी बरेच उरते. त्यात कोणते जनुक कुठे आणि केव्हा चालू करायचे ते ठरवणारे पुष्कळ तुकडे आहेत.

आणि जे बदलले तेही कधी कधी बोलके असते. एचएआर-१ नावाचा ११८ अक्षरांचा एक तुकडा आहे. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात त्यात दोनच अक्षरांचा फरक. चिंपांझी आणि माणूस यांच्यात १८. गर्भात मेंदूचा बाहेरचा थर घडत असतो, तेव्हा हा तुकडा तिथे काम करतो. कॅथरीन पोलार्ड यांनी तो २००६ मध्ये शोधला, आणि शोधण्याची रीतच अशी होती की सगळीकडे स्थिर राहिलेले पण फक्त माणसात बदललेले काय आहे ते पाहायचे.

दोन प्राण्यांतले ‘तेच’ जनुक हे नक्की कसे ओळखतात? मला घरी करून बघता येईल का? (बारावी विज्ञान, सांगली)

हो, येईल. पण आधी एक अडचण समजून घे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडली गेली. लांब लांबच्या प्रांतांतल्या प्रतींत जे सारखे ते जुने, आणि ज्या प्रतींत चुकाही सारख्या त्या एकमेकींच्या जवळच्या. जीनोम ताडतानाही आम्ही असेच करतो. पण दोन ठिकाणी वाट वेगळी होते. लेखनिकाची घोडचूक कागदावर तशीच टिकते; जनुकातली घोडचूक तिच्या धन्यासकट नाहीशी होते. दुसरे, जनुकाची एकाच जीनोमच्या आत दुसरी प्रत निघते आणि ती प्रत पुढे वेगळ्या वाटेने बदलत जाते. तुझी अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

हिमोग्लोबिन घे. त्यात अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. एकाच जुन्या जनुकाच्या दोन प्रती होऊन त्या ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तेव्हा आपले पूर्वज मासे होते. माणूस आणि उंदीर वेगळे झाले जेमतेम नऊ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून उंदराची बीटा साखळी माणसाच्या बीटाशी जास्त जुळते आणि माणसाची स्वतःची अल्फा साखळी त्याच बीटाशी कमी. प्राणी वेगळे झाल्यामुळे दुरावलेली जोडी आणि प्रत निघाल्यामुळे दुरावलेली जोडी, असा हा भेद वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये नेमका मांडला. ‘तेच जनुक’ म्हणताना आम्हाला पहिली जोडी हवी असते. ती पकडायची साधी रीत अशी: माणसाच्या जनुकाला उंदरात सर्वांत जवळचे कोणते ते शोधायचे, मग त्या उंदराच्या जनुकाला माणसात सर्वांत जवळचे कोणते ते. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडेच बोट गेले तर जोडी बहुधा खरी.

आता करून बघ. एनसीबीआय या संकेतस्थळावर ‘ब्लास्ट’ नावाचे साधन फुकट आहे. १९९० पासून जगभर तेच वापरतात. प्रथिनांच्या भागात जा. माणसाच्या बीटा ग्लोबिनची १४७ अमिनो आम्लांची साखळी शोधून चौकटीत चिकटव, प्राणी म्हणून उंदीर निवड आणि शोध सुरू कर. निकालात दोन आकडे बघ. एक, किती टक्के अमिनो आम्ले तंतोतंत जुळली. दुसरा ‘ई-मूल्य’: एवढी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती, त्याचा तो अंदाज, म्हणून तो शून्याच्या जितका जवळ तितके चांगले. उंदराशी सुमारे ८० टक्के येईल. मग माणसाचीच अल्फा साखळी समोर ठेव. ४३ टक्क्यांच्या आसपास येईल. शेवटी स्नायूंतले मायोग्लोबिन घे. ते आणखी खाली, पंचविशीच्या आसपास उतरेल, कारण त्याची वाट अल्फा-बीटा वेगळ्या होण्याच्याही आधी फुटली आहे.